रिग सगळ्यात शेवटी: घरचं आणि पाठीवरचं हॅम स्टेशन असं उभारा

हौशी रेडिओचा परवाना हातात आला, व्हीयू3ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळाली, की नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, पहिला फोन ठरलेला असतो: "रिग कोणता घेऊ?" रिग म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच. मी उलट विचारतो, "गच्चीवर तार कुठून कुठे जाणार?" समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याने आठवडाभर रिगचे व्हिडिओ पाहिलेले असतात, गच्ची मात्र पाहिलेली नसते.

आधी थोडा हिशेब पाहू. 10 वॅटचा रिग काढून 100 वॅटचा आणला तर समोरच्याकडे तुमचा सिग्नल 10 डेसिबलने वाढतो. एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचं बळ दाखवणाऱ्या काट्याचा, एक एस 6 डेसिबलचा धरतात, म्हणजे दहापट शक्तीने काट्यावर दोन एससुद्धा पुरते वाढत नाहीत. उलट 5 वॅटच्या हँडीला (हातात मावणाऱ्या रिगला) 20 मीटर आरजी-58 ही बारीक केबल लावून गच्चीवरच्या अँटेनापर्यंत नेली, तर 145 मेगाहर्ट्झवर अँटेनाला जेमतेम सव्वादोन वॅट पोचतात. बाकीचे केबल गरम करण्यात गेले. म्हणून माझा क्रम असा: आधी अँटेना, मग केबल, मग वीज आणि सर्वांत शेवटी रिग. शिवाय यातली शक्य तितकी वस्तू अशी घ्यायची की रविवारी तीच पिशवीत भरून डोंगरावर नेता येईल. घरचं एक आणि बाहेरचं एक अशी दोन स्टेशनं बांधण्याइतके पैसे असतील तर उत्तमच; माझ्याकडे नव्हते.

पायरी 1: गच्ची, सोसायटी आणि गोंगाट

गच्चीवर जाऊन लांबी मोजा. 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचा) सरळ डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन हातांची तार, 20 मीटर जागा खातो. तेवढी नसेल तर मधोमध एक काठी उभारून दोन्ही हात खाली उतरवा, उलट्या व्हीसारखे. दोन हातांतला कोन 90 अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका, म्हणजे निभावतं. आजूबाजूने महावितरणच्या तारा जात असतील तर काठी पडली तरी तिथे पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. ही एक गोष्ट चुकली तर दुसरी संधी मिळत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना परवान्याची प्रत दाखवा आणि लेखी परवानगी घ्या. "टॉवर" हा शब्द तोंडातून काढू नका. मोबाइल टॉवरच्या भांडणांमुळे त्या शब्दाला वास लागलाय. "कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक तार" असं सांगितलं तर ते खरंही असतं आणि पटतंही.

मग गोंगाट, म्हणजे घरातल्या उपकरणांची रेडिओवर येणारी खरखर, तपासा. रिग नाही म्हणून अडत नाही. बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि घरभर फिरा. एलईडी बल्ब, वायफाय राउटरचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, लिफ्टचं पॅनेल, सोलरचा इन्व्हर्टर, प्रत्येकाचा खरखराट वेगळा ऐकू येतो. तार कुठल्या बाजूला बांधायची नाही, हे दहा मिनिटांत कळतं.

पायरी 2: पहिला डायपोल

बाजारातला तयार अँटेना घेऊ नका. 1.5 चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची मल्टिस्ट्रँड तार आणा. 90 मीटरच्या एका गुंडाळीत चार डायपोल होतात, म्हणजे चुकायलाही भरपूर वाव आहे. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड एवढ्यात लागणारं जवळपास सगळं मिळतं.

लांबीचं सूत्र: 143 भागिले मेगाहर्ट्झ बरोबर एकूण मीटर. 7.1 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20.1 मीटर, म्हणजे प्रत्येक हात 10 मीटर आणि वर थोडा. कापताना मात्र साडेदहा मीटर कापा. लांब तार आखूड करता येते, आखूड तार लांब करताना सांधा येतो. इन्सुलेशन असलेल्या तारेत रेझोनन्स, म्हणजे तार जिथे उत्तम चालते ती फ्रीक्वेन्सी, दोन-तीन टक्के खाली सरकतो, त्यामुळे अखेरची लांबी सूत्रापेक्षा थोडी कमीच भरेल, घाबरू नका.

मध्यभागी कंड्यूटची छोटी प्लास्टिकची जंक्शन पेटी, तिला केबल लावायचं एक एसओ-239 सॉकेट, सॉकेटच्या मधल्या टोकाला एक हात आणि कडेला दुसरा. टोकांना पीव्हीसी पाइपचे चार इंचाचे तुकडे इन्सुलेटर म्हणून. दोरी काळी पॉलिएस्टरची घ्या. पांढरी स्वस्त नायलॉन दोरी दोन उन्हाळ्यांत भुगा होते आणि अँटेना शेजारच्या बाल्कनीत उतरतो.

आता जुळवणी. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र मिळतं. या छंदात मी घेतलेल्या वस्तूंपैकी रुपयाला सगळ्यात जास्त काम हेच करतं. ओपन, शॉर्ट आणि 50 ओहम लोड लावून ते आधी कॅलिब्रेट करा, मग अँटेनाचा एसडब्ल्यूआर (केबलशी किती जुळलं त्याचं माप, 1 म्हणजे पूर्ण जुळलं) कुठे सर्वांत खाली जातो ते पाहा. तो 6.9 मेगाहर्ट्झवर दिसत असेल तर तार लांब आहे. 40 मीटर बँडवर 100 किलोहर्ट्झ वर सरकण्यासाठी प्रत्येक हातातून साधारण 14 सेंटीमीटर कमी करावे लागतात. कापू नका, टोक मागे दुमडून तारेलाच घट्ट गुंडाळा. एसडब्ल्यूआर 1.5पर्यंत आला की थांबा. 1.1 करण्यासाठी दिवसभर गच्चीवर उन्हात उभे राहणारे लोक मला माहीत आहेत (मी त्यांच्यातलाच होतो), आणि समोरच्याला त्यातला काडीचाही फरक ऐकू येत नाही. आणि हो, नॅनोव्हीएनए लावलेला असताना त्याच अँटेनावर चुकूनही ट्रान्समिट करू नका, ते तत्क्षणी मरतं.

उंची किती? 40 मीटर बँडला 10 मीटर उंची म्हणजे पाव तरंगलांबी. एवढ्यावर सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि आयनांबरावरून आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या वर्तुळात उतरतो. परदेश गाठायला हे वाईट, पण पुण्याहून नागपूर, गोवा, बंगळूर दिवसाउजेडी बोलायला अगदी हवं तेच. शिवाय हाच डायपोल तिसऱ्या हार्मोनिकमुळे (तिप्पट फ्रीक्वेन्सीमुळे) 15 मीटर बँडवरही बऱ्यापैकी चालतो. दूरच्या देशांची चव तिथे घ्या.

स्थानिक रिपीटरसाठी (आपला सिग्नल उंचावरून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या स्टेशनासाठी) 2 मीटर बँडचा, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ग्राउंड प्लेन अँटेना तासाभराचं काम आहे. एका एसओ-239 सॉकेटच्या मधोमध 49 सेंटीमीटरची पितळी किंवा तांब्याची काडी उभी, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांतून 51-52 सेंटीमीटरच्या चार काड्या 45 अंशांत खाली वाकवलेल्या. झालं.

पायरी 3: केबल आणि तिचे जोड

7 मेगाहर्ट्झवर 20 मीटर आरजी-58मध्ये 50 वॅटचे चाळीसेक वॅट अँटेनाला मिळतात, चालेल. 145 मेगाहर्ट्झसाठी मात्र जाड आरजी-213 किंवा तशीच कमी गळतीची केबल घ्या. घरासाठी जाड, पिशवीसाठी बारीक आणि आखूड, एवढंच लक्षात ठेवायचं.

जोड हा खरा शत्रू. केबलच्या बाहेरची जाळी पीएल-259 प्लगला सोल्डर न करता नुसती दाबून बसवली की पहिल्या पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर नाचायला लागतो. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी काळी इन्सुलेशन टेप. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, रिगच्या मागे नाही. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे दरवर्षी उघडून पाहावं लागतं. तिथल्या माकडांसाठी उपाय नाही. सुटी तार घरात ठेवा. शहरात माकडांचं काम संक्रांतीचा मांजा करतो.

डायपोलच्या मध्याशी 1:1 चोक बसवा: 31 किंवा 43 जातीच्या मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-58चे दहा-बारा वेढे. यामुळे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होत नाही. माइकला ओठ लागल्यावर झटका बसणं, बोलताना घरातले स्पीकर घोगरे होणं, ट्रान्समिट करताच लॅपटॉप गोठणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. घरातल्या उपकरणांचा गोंगाटही याच जाळीवरून रिगपर्यंत चढतो. चोकने तोही उतरतो.

पायरी 4: वीज

इथे थोडं जास्त थांबतो, कारण घर आणि डोंगर याच ठिकाणी एकत्र येतात.

100 वॅटचा रिग 13.8 व्होल्टवर पूर्ण ताकदीने 20 अँपिअरच्या आसपास खेचतो. लोक रिगवर हजारो खर्च करतात आणि सप्लायपासून टेबलापर्यंत पंख्याची वायर ओढतात. 2 मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन 4 मीटर तांबं, 1.5 चौरस मिलिमीटरचं असेल तर 20 अँपिअरला जवळपास 0.9 व्होल्ट वाटेतच हरवतात. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत तोच तोटा 0.35 व्होल्टच्या आत राहतो. बोलताना रिग आपोआप बंद होत असेल तर रिग दुरुस्तीला नेण्याआधी ही वायर पाहा.

मी घरीही बॅटरीवरच स्टेशन चालवतो. 20 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टेबलाखाली आहे. तिला चार्जर फक्त दिवसा, मी रेडिओवर नसताना लागतो. रिग ऐकताना एक-सव्वा अँपिअर घेतो आणि 50 वॅटने बोलताना सरासरी आठ धरले, चौथा हिस्सा वेळ बोलण्यात गेला, तर चार तासांना बारा अँपिअर-तास पुरतात. फायदे दोन. स्विच-मोड सप्लायचा खरखराट नाहीसा होतो, आणि लाइट गेले तरी स्टेशन जिवंत राहतं. 26 डिसेंबर 2004ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅमगट पोर्ट ब्लेअरहून अंदमानच्या व्हीयू4 कॉलसाइनवर जगभरच्या हौशी मंडळींशी बोलत होता. अंदमानातली नेहमीची दळणवळणाची साधनं कोलमडली आणि त्या हौसेच्या स्टेशनावरून निरोप जाऊ लागले. स्टेशन आधीच उभं होतं, चालवणारे हात सरावलेले होते. बॅटरी कपाटात पॅक असती तर ती शोधण्यातच दिवस गेला असता.

बॅटरी निवडताना: चार सेलचा पॅक 12.8 व्होल्टचा म्हणून विकतात, पूर्ण भरताना 14.6पर्यंत जातो आणि संपत येईपर्यंत 13च्या आसपास टिकून राहतो. रिगला हेच आवडतं. शिशाची 7 अँपिअर-तासाची बॅटरी दोन किलोंच्या वर भरते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट एक किलोच्या आत. बीएमएस (सेलना सांभाळणारं सर्किट) असलेलीच घ्या आणि चार्जर त्याच जातीचा. प्लस तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. रिगजवळचा फ्यूज रिगला वाचवतो, बॅटरीजवळचा तुमच्या घराला.

आणखी एक शिस्त: डीसीसाठी घरात एकाच जातीचा कनेक्टर. अँडरसन पॉवरपोल किंवा ड्रोनवाल्यांचा एक्सटी60, कुठलाही एक ठरवा आणि चार्जर, बॅटरी, रिग, सोलर सगळ्यांना तोच लावा. मगरीच्या चिमट्यांनी डोंगरावर काम करणाऱ्याचे प्लस-मायनस एकदा तरी उलटे लागतातच.

पायरी 5: आता रिग

पटकन सांगतो. घर आणि पिशवी दोन्हीला एकच हवा असेल तर याएसूचा एफटी-891: 100 वॅट, वजन 1.9 किलो, आत ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारं सर्किट) नाही, पण आपण डायपोल जुळवूनच बसलोय. घरीच बसणार असाल तर आयकॉमचा आयसी-7300 वॉटरफॉलमुळे, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या सिग्नलच्या चित्रामुळे, शिकायला उत्तम, वजन 4.2 किलो. चालणाऱ्यांसाठी आयसी-705: स्वतःच्या बॅटरीवर 5 वॅट, बाहेरून 13.8 व्होल्ट दिल्यावर 10. आणि हातात सोल्डरिंग गन घेऊन जन्मलेल्यांसाठी हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू2ईएसई, यांनी रचलेले बिटएक्स आणि मायक्रोबिटएक्स हे घरी जोडायचे रिग. साध्या, सहज मिळणाऱ्या भागांतून एसएसबी (हॅमची बोलायची नेहमीची पद्धत) ट्रान्सीव्हर होतो हे त्यांनी जगभरच्या हौशी लोकांना दाखवून दिलं. एक बिटएक्स जोडून झाला की रिगचं ब्लॉक डायग्राम परीक्षेपुरतं राहत नाही.

माझा परवाना निघाला तेव्हा रिस्ट्रिक्टेड ग्रेडला (व्हीयू3च्या वर्गाला) 50 वॅटची मर्यादा होती. तुमच्या परवान्यावर छापलेला आकडा पाहा आणि 100 वॅटचा रिग त्याच्या आत ठेवा. बॅटरीही जास्त टिकते.

पायरी 6: उरलेला गोंगाट, आणि आकाशातली वीज

बॅटरीवर रिग चालू ठेवून घराचा मुख्य एमसीबी पाडा. एस-मीटर एस8वरून एस3वर आला तर चोर घरातच आहे. एकेक सर्किट परत चालू करा. ज्याला काटा उडेल ती खोली, मग त्या खोलीतला एकेक प्लग. बहुतेकदा स्वस्त चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर सापडतो. त्याची वायर फेराइटवरून सात-आठ वेळा गुंडाळा, किंवा सरळ बदला. एमसीबी पाडूनही काटा हलला नाही तर चोर शेजारी आहे. तिथे मापं नाहीत, चहा कामी येतो.

वळवाचे ढग जमायला लागले की अँटेनाची केबल रिगमधून काढून खिडकीबाहेर टाकायची, हा एप्रिल ते जूनचा आणि परतीच्या पावसाचा नियम. नुसता रिग बंद करणं म्हणजे काहीच न करणं. गच्चीवरच्या लोखंडी काठीला जमिनीतल्या रॉडपर्यंत जाड, शक्य तितकी सरळ अर्थिंगची तार द्या आणि हा रॉड घराच्या मूळ अर्थिंगला जोडून घ्या. दोन वेगळी अर्थिंग तुटक राहिली तर वीज पडल्यावर त्यांच्यामधला दाब रिगमधून वाट काढतो.

पायरी 7: तीच वस्तू, आता पाठीवर

सिंहगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा रिग होता, बॅटरी होती, तार होती, थर्मासमध्ये चहासुद्धा होता. अँटेनाच्या केबलला बीएनसी प्लग आणि रिगचं सॉकेट पीएल-259 प्लगचं. बोटाएवढं अडॅप्टर घरी टेबलावर, कारण ते घरच्या केबलला लावलेलं होतं. पिठलं-भाकरी खाऊन उतरलो.

डोंगरावर मी डायपोल नेत नाही. त्याला तीन आधार लागतात. टोकातून पोसलेली अर्धतरंग तार नेतो. सुमारे 20 मीटर तार, आणि तिच्या एका टोकाला 49:1 ट्रान्सफॉर्मर: एफटी140-43 रिंगवर प्राथमिक 2 वेढे, दुय्यम 14, प्राथमिकवर 100 पिकोफॅरडचा किमान 1 किलोव्होल्टचा कपॅसिटर. वेढ्यांचं प्रमाण 1:7, म्हणून इंपीडन्सचं 1:49. टोकाचे अडीच हजारांच्या आसपासचे ओहम 50वर येतात. एकच तार 40, 20, 15 आणि 10 मीटरवर चालते. ही रिंग दहा-वीस वॅटसाठीच. 100 वॅटला एफटी240 लागते. तारेच्या टोकांवर व्होल्टेज बरंच असतं, बोलताना कुणाचा हात लागणार नाही अशी बांधा.

आधाराला सहा मीटरची फायबरग्लासची दुर्बिणीसारखी उघडणारी मासेमारीची काठी. कार्बनची नको, ती वीज वाहते आणि अँटेना बिघडवते. झाडावर दोरी टाकायची तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधून फेका. दगड नको, खाली माणसं असतात. गडाच्या तटबंदीत खिळा किंवा खुंटी ठोकायची नाही, काठी सॅकला किंवा रेलिंगला पट्ट्याने बांधायची. तारेवर दोन-तीन ठिकाणी लाल फिती लावा, नाहीतर सेल्फी काढत मागे सरकणारा कुणीतरी तिच्यात अडकतो.

सिंहगडासारख्या, टीव्हीचा मनोरा असलेल्या जागी एक गंमत होते. स्वस्त हँडी तिथे बहिरा होतो. जवळच्या प्रचंड सिग्नलने त्याचा रिसीव्हर भरून जातो आणि उंची असूनही रिपीटर ऐकू येत नाही. दोष तुमच्या अँटेनाचा नाही. मनोऱ्याकडे पाठ करून, डोंगराचा उंचवटा मध्ये घेऊन बसा, किंवा कमी गजबजलेला डोंगर निवडा.

बॅटरीचा हिशेब पुन्हा: 10 वॅटचा रिग ऐकताना 0.3 आणि बोलताना 2.5 अँपिअर धरला, चौथा हिस्सा बोलणं, तर तीन तासांना सुमारे अडीच अँपिअर-तास. म्हणजे 6 अँपिअर-तासाची छोटी बॅटरी दिवसभराला पुरते, घरची 20ची उचलायची गरज नाही. एफटी8 (लॅपटॉपवरून छोटे निरोप पाठवायची डिजिटल पद्धत) करणार असाल तर त्याचे 15 सेकंदांचे फेरे घड्याळावर चालतात. लॅपटॉपची वेळ काही सेकंदांनी चुकली की कुणी उत्तर देत नाही, आणि डोंगरावर नेटवर्क नसतं. निघण्याआधी वेळ जुळवा किंवा मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या.

परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. घराबाहेरून चालवण्याबद्दलच्या अटी आधी वाचा आणि परवान्याची प्रत सॅकच्या वरच्याच कप्प्यात ठेवा. वनरक्षक किंवा पोलिसांनी विचारलं तर दोन मिनिटांत विषय संपतो. दुपारनंतर ढग काळवंडले की चालू गप्पा तोडून "73" (हॅमच्या भाषेत शुभेच्छा) म्हणा आणि तार उतरवा.

घरी आल्यावर लॉग, म्हणजे कुणाशी कधी बोललो त्याची नोंद, त्याच रात्री उतरवा, वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. ओली केबल उलगडून वाळवा. लिथियम बॅटरी महिनाभर पडून राहणार असेल तर पूर्ण न भरता अर्ध्याच्या आसपास ठेवा. आणि अडॅप्टर काढून परत पिशवीतच टाका. घरच्या टेबलासाठी दुसरा विकत आणा.